सौर इन्व्हर्टर, घरगुती : वीजगुणवत्तेचे दोष व निदान (शहापूर–मुरबाड)

छतावरच्या पॅनेलांतून येणाऱ्या एकदिश विजेचे प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करून ती महावितरणच्या लाइनशी जुळवून देणारे यंत्र. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्य घर : मोफत बिजली योजने’त ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यामुळे शहरी वाटणारी ही यंत्रणा ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागालाही परवडण्याजोगी झाली. तिच्याविषयीची नेहमीची तक्रार म्हणजे, कडक ऊन असताना ऐन दुपारी इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि महिनाअखेर युनिट कमी भरतात. अशा वेळी पहिला संशय यंत्रावर जातो, ते बदलून मागितले जाते आणि नवेही तसेच वागते. शहापूर व मुरबाड तालुक्यांत शोध डीपीपासून, म्हणजे गावच्या वितरण रोहित्रापासून, सुरू करून इन्व्हर्टरपाशी शेवटी यावे, असे मानायला भक्कम कारणे आहेत.

पहिले कारण आकड्यांचे आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनुसार लाइनचे व्होल्टेज ११० टक्क्यांवर चढले किंवा ८० टक्क्यांखाली उतरले, तर अशा यंत्रणेने दोन सेकंदांत लाइनपासून अलग व्हायचे असते. २३० व्होल्ट पाया धरला, तर या मर्यादा २५३ आणि १८४ होतात. आता डीपीकडे पाहावे. तिथल्या रोहित्राचे लघुदाब बाजूचे निर्भार व्होल्टेज ४३३ असते, म्हणजे एका फेजवर २५०. लाइनवर भार नसेल तर डीपीजवळच्या घराला मर्यादेपर्यंत जेमतेम ३ व्होल्टांची मोकळीक उरते. डीपीपासून दूरच्या घरात अडचण वेगळ्या वाटेने येते. ‘वीझल’ जातीच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम असतो. अर्धा किलोमीटर सिंगल फेज लाइनवर जाण्यायेण्याचा मिळून तेवढाच रोध भरतो. ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर पूर्ण जोमात १३ अँपिअर बाहेर ढकलतो, तेव्हा त्याच्या टोकाशी १२ व्होल्टांची चढ होते. लाइनवर आधीच २४२ असतील तर २५४ झाले, आणि यंत्र नियमाप्रमाणे बंद पडले.

ही चढ या दोन तालुक्यांत अधिक जाणवावी, अशीच इथली वस्ती आहे. पाडे विखुरलेले, लघुदाब लाइन लांब, शेती मुख्यतः पावसाळी भाताची. त्यामुळे दुपारची वीज जागेवर खेचून घेणारे कृषिपंप कमी. त्यात शनिवार-रविवारपुरती उघडणारी फार्महाउसे. आठवडाभर त्यांची जवळजवळ सगळी वीज लाइनवरच जाते. संध्याकाळी मात्र तीच लाइन भाराने वाकते. सातला १९५ व्होल्ट मिळतात म्हणून रोहित्राचा टॅप वाढवून घेतला, की दुपारचा त्रास दुप्पट.

निदानाची कसोटी साधी आहे. निरभ्र दिवशी बारा ते दोनच्या दरम्यान सोलरचा एसी स्विच बंद करून घराच्या मेन स्विचपाशी व्होल्टेज मोजावे, मग सोलर चालू करून पुन्हा मोजावे. काम उघड्या टर्मिनलवरचे असल्याने ते जाणत्या वायरमननेच करावे. सोलर बंद असतानाच आकडा २४८ असेल तर दोष पुरवठ्याचा. राज्य वीज नियामक आयोगाची लघुदाबासाठीची मुभा ६ टक्क्यांची, म्हणजे २३० च्या पायावर सुमारे २४४ पर्यंतच आहे. चालू केल्यावर मेन स्विचपाशी आकडा दहा-बारांनी उडाला तर लाइन बारीक किंवा लांब आहे. मेन स्विचपाशी ठीक आणि इन्व्हर्टरच्या टोकाशी मात्र जास्त, असे निघाले तर दोष घरातल्या केबलचा. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ३० मीटर ओढली तर १३ अँपिअरला जवळजवळ ६ व्होल्ट तिच्यातच चढतात. हा दोष ठेकेदाराच्या काटकसरीचा असतो आणि तो वर्षानुवर्षे महावितरणच्या नावावर खपतो.

यावर आक्षेप येतो, की सोलर नसलेल्या शेजाऱ्याला त्रास कसा नाही? त्यालाही तेच व्होल्टेज मिळते. त्याचा फ्रिज बोलत नाही, एवढाच फरक. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे : सेटिंगमध्ये मर्यादा २७० केली की काम भागते, मग एवढा खटाटोप कशाला? काम भागते खरे, पण नियम मोडून. आणि वाढलेले व्होल्टेज घरातल्या व शेजारच्या उपकरणांत शिरते. त्यापेक्षा व्होल्टेज चढेल तसे उत्पादन हळूहळू उतरवणारी सोय चालू करावी; थोडे युनिट जातात, यंत्र चालू राहते. पॉवर फॅक्टर बदलण्याचा उपाय बारीक तारांवर फारसा चालत नाही, कारण तिथे रोधच प्रबळ असतो. थ्री-फेज जोडणी शक्य असेल तर ती उत्तम. तेच ३ किलोवॅट तीन फेजांत वाटले गेले, की न्यूट्रलमधला प्रवाह संपतो आणि १२ व्होल्टांची चढ २ वर येते.

सैल न्यूट्रलचा प्रकार वेगळा आणि धोक्याचा. एका घरात गिझर लावल्यावर तिथले दिवे मंदावतात आणि वेगळ्या फेजवरच्या शेजाऱ्याकडचे प्रखर होतात, ही त्याची खूण. अशा वेळी इन्व्हर्टरच्या सेटिंगशी खेळत बसू नये. मेन स्विच बंद करून १९१२ वर कळवावे. लाइट गेल्यावर बॅटरीविना सोलरही बंद पडतो, हा मात्र दोषच नव्हे. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवासाठी ती तरतूद आहे.

पावसाळ्यात निदानाचा क्रम उलटतो. माळशेज आणि कसाऱ्याच्या घाटांखालच्या या पट्ट्यात पाऊस झोडपून पडतो. सकाळी ‘आयसोलेशन फॉल्ट’ दिसतो आणि ऊन तापले की आपोआप जातो, तेव्हा पाणी शिरलेला डीसी कनेक्टर किंवा पत्र्याच्या कडेला सोलवटलेली केबल शोधावी. इथे लाइनला दोष देणे चुकीचे. यंत्रावरचा आकडा चांगल्या मल्टिमीटरपेक्षा पाच-सहा व्होल्टांनी वेगळा दिसत असेल, तर मात्र इन्व्हर्टरच बदलून मागावा. पुरवठ्याचा दोष असेल आणि शाखा कार्यालयात दाद लागली नाही, तर कल्याणच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. तिथे ‘सोलर नीट चालत नाही’ या वाक्यापेक्षा तारीख, वेळ आणि सोलर बंद असतानाचे व्होल्टेज अशा नोंदींचा कागद अधिक कामाला येतो.