हुमायून रोडवरचे दहा जण

आजचा भाग दिल्लीचा आहे, पण त्याचा धागा थेट अलिबागपर्यंत जातो.

खान मार्केटजवळ, हुमायून रोडवर जुडा ह्याम सिनेगॉग आहे. 1956 साली बांधलेली ही छोटीशी वास्तू. घाईत असाल तर लक्षातही येणार नाही. शेजारीच ज्यू दफनभूमी आहे. तिथे लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांची कबर आहे. 1971च्या युद्धात ते पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ होते आणि 16 डिसेंबरला ढाक्यात झालेल्या शरणागतीच्या वाटाघाटी त्यांनीच केल्या. पुढे ते गोवा आणि पंजाबचे राज्यपाल झाले. जानेवारी 2016 मध्ये त्यांचे दिल्लीत निधन झाले. आम्हा फौजींना ती जागा माहीत आहे ती त्यांच्यामुळे.

पण माझा आजचा प्रश्न वेगळा आहे. जनरलसाहेबांना मानवंदना द्यायला देश होता. साध्या ज्यू कुटुंबात कुणी गेले, तर धावून कोण येते?

ज्यू धर्मात सामूहिक प्रार्थनेला दहा जण लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. मृताच्या नावाने म्हणायची कद्दिश ही प्रार्थनाही त्या दहांशिवाय होत नाही. म्हणजे शोक एकट्याने करायचा नाही, शेजाऱ्यांनी यायचेच, असा हा नियम. मृतदेहाला स्नान घालणे, लवकर दफन करणे, पुढचे सात दिवस घरच्यांजवळ बसणे, हे सगळे समाजानेच करायचे. आज आपण ज्याला आधारसेवा म्हणतो, तिचे हे जुने रूप.

कोकणात हे सोपे होते. बेने इस्राएली लोक गावागावात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. घरात मराठी, नवसाला पोहे-नारळाचा मलिदा. मुंबईत 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिले सिनेगॉग बांधले. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. नाझी जर्मनीतून निर्वासित येऊ लागले, तेव्हा 1934 साली मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. त्यांच्यासाठी हमी, निवारा, नोकरी या गोष्टी तिने पाहिल्या.

1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. दिल्लीत सरकारी नोकरीनिमित्त आलेली मंडळी आधीच मोजकी होती. आता तिथे कायम राहणारी सुमारे दहा कुटुंबे उरली आहेत. दहा कुटुंबांतून दर शुक्रवारी दहा प्रौढ पुरुष कसे जमायचे? दूतावासातले लोक, परदेशी प्रवासी आले तर आकडा भरतो.

पुण्याहून आलेले इझिकेल आयझॅक मळेकर यांनी 1980च्या दशकापासून हे सिनेगॉग सांभाळले, तेही मानधन न घेता. लग्न, दफन, प्रार्थना, सगळे त्यांच्याकडे. त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. परंपरावादी प्रथेत मिन्यानमध्ये फक्त पुरुष मोजतात. मळेकरांनी स्त्रियांनाही मोजले. काहींना तो धर्मभंग वाटेल. मला त्यात वेगळे दिसते. नियम कशासाठी होता? दुःखात माणूस एकटा पडू नये म्हणून. नियमापायीच तो एकटा पडू लागला, तर नियमाचा हेतू वाचवायचा की नुसता आकडा?

लष्करात तुकडी लहान झाली की प्रत्येकाला दोन कामे शिकावी लागतात. लहान समाजाचेही तसेच. पण सगळा भार एका माणसावर असेल, तर त्याच्यानंतर काय, ही काळजी राहतेच. तिचे उत्तर पैशात नाही. पैशाने भिंत रंगवता येते. सात दिवस शेजारी बसायला माणूसच लागतो.

तुमच्या शहरातही असा एखादा लहान समाज असेल. पारशी, ज्यू, आर्मेनियन, कुणीही. त्यांच्या प्रार्थनेत आपण मोजले जाणार नाही. पण दुःखाच्या दिवशी दारात उभे राहायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.