आट्यांची जात

मानवत हे कापसाचे गाव. तिथल्या एका जिनिंगच्या कारखान्यात आम्ही गेलो होतो, तेव्हा फिटर जुन्या इंग्लिश यंत्राच्या अर्धा इंची बोल्टवर ट्रॅक्टरचा अर्धा इंची नट चढवून पाहत होता. नट दोन-तीन फेरे सहज फिरला आणि अडला. "जात वेगळी आहे," असे म्हणून त्याने तो उलटा फिरवून काढला. पाना लावून जोर केला नाही. विमानाचे इंजिन पुन्हा बसवताना हाच संयम माणसांचे प्राण वाचवतो.

नट का अडला? बोल्टवर इंचाला १२ आटे होते, नटात १३. म्हणजे दोन आट्यांमधले अंतर एकात सुमारे २.१२ मिलिमीटर, तर दुसऱ्यात १.९५. दर फेऱ्याला ०.१६ मिलिमीटरचा फरक साचत जातो. सहा फेऱ्यांत तो जवळजवळ अर्ध्या आट्याइतका होतो. जोर केला तर आटे कापले जाणारच.

या दोन आकड्यांमागे इतिहास आहे. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने ५५ अंश कोनाचे, गोलसर माथ्याचे आटे सुचवले. १८६४ मध्ये अमेरिकेच्या विल्यम सेलर्सने ६० अंशांचे, सपाट माथ्याचे आटे मांडले. साध्या कारागिराला ते पाडणे सोपे होते. युरोपात मिलिमीटरचे आटे रुजले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने ब्रिटिश मर्लिन इंजिने बनवली, तेव्हा तिला ब्रिटिश आटेच पाडावे लागले. अखेर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे समान आटे मान्य केले.

आपल्याकडे हे सारे एकाच संस्थेच्या इतिहासात दिसते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. युद्धकाळात तिथे अमेरिकी विमाने दुरुस्तीला येत. पुढे ब्रिटिश विमाने आली. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडाले. त्याचे सिरस मेजर इंजिन ब्रिटिश होते. १९६० च्या दशकात नाशिकजवळ ओझरला सोव्हिएत मिग-२१ विमानांचे काम सुरू झाले आणि मिलिमीटरचे आटे आले. विमानाचा देश बदलला की पाने, टॅप, डाय सारेच बदलते.

तपासणीसाठी उतरवलेले इंजिन पुन्हा बसवताना म्हणूनच आधी आटे ओळखावे लागतात. बोल्टचा बाहेरचा व्यास मोजायचा, दातेरी पिच गेज लावून आट्यांमधले अंतर पाहायचे आणि हे सारे निर्मात्याच्या पुस्तिकेशी ताडायचे. इथे गंमत अशी, की इंची इंजिनांतही स्पार्क प्लगचे आटे बहुधा मिलिमीटरचेच असतात!

आणि आटे झिजले असतील तर? इंजिनाचे कवच बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, मऊ असते; त्यातले आटे पोलादी बोल्टपुढे हार खातात. अशा वेळी, पुस्तिकेची परवानगी असेल तर, भोक थोडे मोठे करून त्यात नवे आटे पाडतात आणि चौकटच्या एक्क्यासारख्या छेदाच्या पोलादी तारेची गुंडाळी त्यात बसवतात. गुंडाळीच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे आटे मिळतात. ते मूळच्या आट्यांपेक्षा जास्त टिकाऊ असतात.

ओळखण्यात चूक झाली तर काय होते, ते १० जून १९९० रोजी दिसले. एका ब्रिटिश प्रवासी विमानाची समोरची काच उड्डाणानंतर काही मिनिटांतच निखळली आणि कप्तान अर्धाअधिक बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, म्हणून तो वाचला. आदल्याच दिवशी बसवलेल्या त्या काचेच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्टांचा व्यास कमी होता. ते नजरेने जुळवून निवडले होते. इंचाला ३२ हे आट्यांचे प्रमाण बरोबर होते, म्हणून ते फिरले. व्यास जेमतेम ०.६६ मिलिमीटरने कमी होता, म्हणून ते धरून राहिले नाहीत.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन-तीन जुने बोल्ट आणावेत, साबणाच्या वडीवर ते आडवे दाबावेत आणि उमटलेल्या रेघा २५.४ मिलिमीटरमध्ये किती येतात ते मुलांना मोजू द्यावे. प्रत्येक बोल्ट कोणत्या जातीचा हे आधी नजरेने सांगायला लावावे, मग मोजायला. नजर किती वेळा चुकते, ते मुलांनाच कळेल.