अल्मोड्यानंतरचे नर्तक

उदयशंकर यांनी १९३८ च्या सुमारास अल्मोड्यास कलाकेंद्र काढले, तेथे नर्तकाला एकाच शैलीत कोंडून ठेवीत नसत. शंकरन नंबूदिरी कथकळी शिकवीत, कंदप्पा पिळ्ळै भरतनाट्य आणि अमोबी सिंग मणिपुरी. हे सारे अंगात मुरवून विद्यार्थ्याने आपली स्वतःची हालचाल शोधावयाची. महायुद्धाच्या काळात पैसा आटला आणि थोड्याच वर्षांत केंद्र मिटले.

आता या शिकलेल्या मंडळींनी करावे काय? घराण्याच्या शिष्याला जाणता रसिक आयता लाभतो. यांना प्रेक्षकही स्वतःच घडवावयाचा होता, आणि तोवर पोट थांबत नाही! गुरुदत्त १९४४ मध्ये पुण्यास प्रभात कंपनीत नृत्यदिग्दर्शक म्हणून आले, ते पुढे चित्रपटाचेच झाले. जोहरा सैगल पृथ्वी थिएटर्समध्ये गेल्या. पडद्याला व रंगभूमीला त्यांचा लाभ झाला खरा. नृत्याच्या वहीत मात्र तो खर्चाच्याच बाजूस मांडावा लागेल.

शांती बर्धन यांनी नृत्य सोडले नाही. अल्मोड्याहून निघाल्यावर त्यांनी ‘इप्टा’च्या पथकासाठी नृत्यरचना केल्या आणि १९५२ मध्ये मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ उभी केली. त्यांच्या ‘रामायणा’त नर्तक कळसूत्री बाहुल्यांसारखे हलत, मुद्रांची भाषा न जाणणाऱ्यालाही कथा कळे. १९५४ मध्ये बर्धन वारले. तेव्हाच मंडळी पांगली असती तर नवल नव्हते. पण त्यांच्या पत्नी गुल आणि सहकारी प्रभात गांगुली यांनी ती सावरली. १९६४ मध्ये ती ग्वाल्हेरास आली, पुढे भोपाळला स्थिरावली. गुल बर्धन यांना ‘पद्मश्री’ मिळाली ती २०१० मध्ये. त्याच वर्षी त्या निवर्तल्या.