‘माझदा’ : नाव, यंत्र आणि वाहनधारक

१

उद्योगसंस्थांचा इतिहास बहुधा दोन प्रकारच्या साधनांवरून लिहिला जातो. संस्थेने स्वतः प्रसिद्ध केलेले वृत्तांत हे पहिले साधन, आणि उत्पादन, विक्री व भांडवल यांचे आकडे हे दुसरे. या दोहोंपेक्षा वेगळे असे एक तिसरे साधनही असते, व त्याकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. वस्तूला दिलेले नाव, कारखान्यातील माणसांनी तिच्या दोषांना ठेवलेली टोपणनावे आणि वापरणाऱ्यांच्या तोंडी रुळलेले वाक्प्रचार हे ते साधन होय. प्रस्तुत निबंधात हिरोशिमा येथील माझदा या मोटार कंपनीचा इतिहास या तिसऱ्या साधनाच्या आधारे तपासण्याचा हेतू आहे. या कंपनीने आपले स्वतंत्र अस्तित्व राखण्यासाठी एक विलक्षण यंत्र पत्करले. त्याची किंमत मात्र एकट्या कंपनीने चुकती केली नाही. तिच्या कामगारांनी आणि गाड्यांच्या मालकांनीही ती केली. अधिकृत वृत्तांतात ही वाटणी पुसट होते, शब्दांत ती स्पष्ट दिसते.

२

प्रथम नावाचा विचार करू. कंपनीची स्थापना १९२० साली ‘तोयो कॉर्क कोग्यो’ या नावाने झाली. बुचाच्या झाडाची साल परदेशातून मिळणे पहिल्या महायुद्धामुळे दुष्कर झाले होते, व देशी झाडाच्या सालीपासून तिला पर्याय तयार करणे हा तिचा मूळ व्यवसाय होता. १९२१ साली जुजिरो मात्सुदा (१८७५–१९५२) हे अध्यक्ष झाले. ते मच्छीमाराचे पुत्र असून यंत्रकामात तयार झालेले होते. १९२७ मध्ये ‘कॉर्क’ हा शब्द नावातून गळाला आणि १९३१ मध्ये कंपनीने तीन चाकांची मालवाहू गाडी बाजारात आणली. तिचे नाव ‘माझदा-गो’.

हे नाव अहुर मज्द या इराणी देवतेवरून व संस्थापकाच्या आडनावावरून घेतले, असे कंपनी सांगते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही जुळणी मोठी मनोरंजक आहे. ‘मात्सुदा’ या आडनावाचा अर्थ ‘पाइन वृक्षांचे शेत’. जपानी ‘उ’ हा ओठांचा गोलावा न करता उच्चारला जाणारा आखूड स्वर आहे. त्यामुळे परक्या कानाला ‘मात्सुदा’ आणि ‘माझदा’ यांतील अंतर फारसे वाटत नाही. ‘झ्द’ असे जोडव्यंजन जपानीत संभवतच नाही. परिणामी जपानी लिपीत गाडीचे नाव आजही ‘मात्सुदा’ असेच लिहिले जाते आणि रोमन लिपीत मात्र ते ‘माझदा’ होते. घरी संस्थापक आणि बाहेर देवता, अशी या नावाची दोन रूपे आहेत.

मराठी वाचकाला यातील दुसरे रूप वाटते तितके परके नाही. अवेस्तातील ‘मज्दा’ आणि संस्कृत ‘मेधा’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन फाटे होत. प्राचीन ‘अज्ध’ या ध्वनिसमूहाचे संस्कृतात ‘एध’ झाले. ‘अस्’ धातूचे आज्ञार्थी रूप ‘एधि’ होते ते याच नियमाने. अवेस्तातील ‘नज्दिश्त’ आणि संस्कृतातील ‘नेदिष्ठ’ यांचा संबंधही तोच. त्याच कुळातील फारसी ‘नझदीक’ पुढे आपल्याकडे येऊन ‘नजीक’ झाला. अर्थात शहाणपणाच्या देवतेचे नाव जपानी मालगाडीवर आले, तेव्हा ते आपल्या मेधेचेच दूरचे नातलग होते. हे नाव उद्योगजगतात नवेही नव्हते. अमेरिकेत १९०९ पासून विजेच्या दिव्यांवर ते छापले जात होते.

३

नाव देवतेचे असले तरी पहिली गाडी अगदी सामान्य माणसाची होती. पुढे एक चाक, मोटारसायकलीसारखी मूठ आणि मागे मालाचा हौदा, अशी तिची रचना होती. त्या काळच्या जपानी नियमांनुसार ठराविक मर्यादेपेक्षा लहान इंजिनाची तीनचाकी चालविण्यास परीक्षा द्यावी लागत नसे. ४८२ घन सेंटिमीटरचे माझदाचे इंजिन या मर्यादेत बसत होते. त्यामुळे भाजीवाला, लाकूडवाला व लहान कारखानदार हे तिचे पहिले ग्राहक झाले. या वर्गाने अनुभव लिहून ठेवले नाहीत. तथापि त्यांच्या गरजा गाडीच्या उत्क्रांतीतच नोंदल्या गेल्या आहेत. भार वाढत गेला तसा हौदा लांबला, पुढे चालकावर छप्पर आले, मुठीच्या जागी गोल चाक आले. १९६२ च्या सुमारास ही गाडी दोन टन वाहणारी झाली होती, आणि माझदाची तीनचाकी १९७४ पर्यंत निघत होती. अधिकृत इतिहासात क्रीडामोटारींना जे मानाचे पान मिळते त्याचे भाडे या तीनचाकीने भरले, असे म्हणण्यास हरकत नाही.

६ ऑगस्ट १९४५ हा मात्सुदा यांचा सत्तरावा वाढदिवस. त्याच सकाळी हिरोशिमावर अणुबाँब पडला. कारखाना शहरालगतच्या फुचू येथे, स्फोटकेंद्रापासून पाच किलोमीटरहून अधिक अंतरावर होता आणि मध्ये हिजियामा ही टेकडी होती. इमारती बचावल्या, पण शहरात असलेले अनेक कामगार व त्यांचे आप्त मृत्यू पावले. त्यानंतर प्रांताचा शासकीय कारभार जवळजवळ वर्षभर याच कारखान्याच्या आवारातून चालला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. उद्ध्वस्त शहरात जे थोडे काही हलत होते त्यात या गाड्या होत्या. शहर आणि कंपनी यांचे नाते पुढे ग्राहक व विक्रेता एवढ्यापुरते का राहिले नाही, याचे उत्तर या महिन्यांत आहे.

४

१९६० साली आर-३६० ही लहान मोटार काढून कंपनी मोटारींच्या क्षेत्रात उतरली. पण याच सुमारास जपानी सरकारचे व्यापार व उद्योग खाते मोटार कंपन्यांची संख्या कमी करून त्यांचे मोजके गट करण्याचा विचार करीत होते. उशिरा आलेल्या लहान कंपनीला यात विलीनीकरणाचा धोका दिसला. जुजिरो यांचे पुत्र व तत्कालीन अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी दुसऱ्या कोणाजवळ नसलेले तंत्र आपल्याजवळ असावे असे ठरवून १९६१ मध्ये जर्मनीतील एनएसयू या कंपनीशी फेलिक्स व्हांकेल यांच्या रोटरी इंजिनाचा करार केला.

या यंत्रात वरखाली होणारे दट्टे नसतात. कमरेशी किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत त्रिकोणी चक्र फिरते, आणि त्याच्या तीन टोकांवरील सील-पट्ट्या पोकळीच्या भिंतीवर सतत घासत राहून वायू अडवून धरतात. भाग थोडे, वजन कमी, कंप जवळजवळ नाही; असे त्याचे गुण. दोष एकच होता, पण तो त्या तीन पट्ट्यांत साठलेला होता. प्रयोगांत पट्ट्या थरथरत आणि भिंतीवर आडव्या ओरखड्यांची रांग उठे. हिरोशिमाच्या अभियंत्यांनी या ओरखड्यांना नाव दिले ‘सैतानाच्या नखांचे व्रण’. तेल जळून गाडीमागे पांढऱ्या धुराचा लोट निघे, तेव्हा ‘काचिकाचि यामा’ या लोककथेचे नाव त्यांच्या तोंडी आले. त्या कथेत ससा गारगोटीने रॅकूनासारख्या लबाड प्राण्याच्या पाठीवरील लाकडे पेटवतो. ‘काचिकाचि’ हा गारगोटीचा अनुकरणवाचक ध्वनी, आपल्या ‘खटखट’ सारखा. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली संशोधन विभागात ४७ जण एकत्र आले, तेव्हा धन्यासाठी प्राण देणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंच्या कथेशी त्यांची तुलना झाली.

ही तिन्ही नावे एकत्र ठेवून पाहावीत. पहिल्यात भय, दुसऱ्यात विनोद, तिसऱ्यात कर्तव्य. कारखान्याच्या अहवालात ‘कंपनवारंवारता’ हा शब्द असेल. पण त्या माणसांवर कोणते ओझे होते ते हे लोककथांतून उचललेले शब्दच सांगतात. अखेर पट्टीला आडव्या-उभ्या पोकळ्या पाडून तिची नैसर्गिक वारंवारता बदलण्यात आली व पुढे अॅल्युमिनियम भरलेल्या कार्बनची पट्टी तयार झाली. विक्रेत्यांना साठ गाड्या देऊन प्रदीर्घ चाचणी घेतल्यावर ३० मे १९६७ रोजी ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीस आली. १९७२ पर्यंत अशा बाराशेहूनही कमी गाड्या झाल्या.

५

येथून मालकांचा इतिहास सुरू होतो. एनएसयूनेही १९६७ मध्येच आपली रो-८० ही रोटरी गाडी काढली. तिच्या सील-पट्ट्या लवकर झिजत. हमीपोटी इंजिने बदलून देता देता ती कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. रो-८० चे दोन मालक रस्त्यात समोरासमोर आले की बोटे वर करून आपण कितवे इंजिन वापरीत आहोत ते एकमेकांस कळवीत, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा रचलेली असो, जर्मन मालकांनी दोषाची भाषा कशी केली हे तिच्यावरून कळते.

माझदाच्या मालकांची भाषा निराळी झाली, कारण पट्ट्या टिकू लागल्या होत्या आणि प्रश्न इंधनाचा उरला होता. १९७० पासून अमेरिकेत या गाड्या जोमाने खपल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेथील सरकारी चाचणीत शहरी वाहतुकीसाठी गॅलनला सुमारे दहा-अकरा मैल असा आकडा प्रसिद्ध झाला आणि मागणी कोसळली. कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. सुमितोमो बँकेने कारभारात हात घातला; हजारो कामगारांना यंत्रे सोडून दारोदार मोटारी विकण्यास जावे लागले; हिरोशिमातील संस्थांनी व नागरिकांनी माझदाच घेण्याचा आग्रह धरला. इंधनखर्च ४० टक्क्यांनी घटविण्याच्या योजनेस राखेतून उठणाऱ्या ‘फिनिक्स’ पक्ष्याचे नाव दिले गेले. हिरोशिमात हे नाव नुसते अलंकार म्हणून कोणी वाचले असेल असे वाटत नाही. १९७९ मध्ये फोर्डने सुमारे चतुर्थांश भाग घेतला आणि १९९६ मध्ये आपला हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेऊन हेन्री वॉलेस यांना अध्यक्षपदी बसविले. ज्या स्वातंत्र्यासाठी रोटरी इंजिन पत्करले, ते त्याच इंजिनाच्या भुकेने गहाण पडले.

तरीही मालक टिकले. १९७८ ते २००२ या काळात आरएक्स-७ च्या आठ लाखांहून अधिक गाड्या झाल्या. या गाड्यांच्या मालकांनी काही सवयी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना शिकविल्या आहेत. पेट्रोल भरताना तेलाची पातळीही पाहावी, कारण पट्ट्यांच्या वंगणासाठी हे इंजिन मुद्दामच थोडे तेल जाळते. गाडी थंड असताना चार हात हलवून लगेच बंद करू नये, नाहीतर इंजिनात पेट्रोल साचून ती पुन्हा सुरू होत नाही. जुनी गाडी घेताना प्रत्येक कप्प्याचा दाब खास मापकाने तपासून घ्यावा. इंजिन इतके निर्वेध फिरते की ते मर्यादेबाहेर चालल्याची जाणीव हाताला होत नाही. म्हणून कंपनीने इशाऱ्याची घंटी बसविली. या एकाच घंटीत गुण आणि दोष दोन्ही वाजतात.

२००३ मधील आरएक्स-८ च्या मालकांचे अनुभव अधिक कडू होते. इंजिनांच्या तक्रारी वाढल्यावर कंपनीने अमेरिकेत मूळ इंजिनाची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढविली. २०१२ मध्ये ही गाडी बंद झाली. मधल्या काळात, १९९१ साली, ल मां येथील चोवीस तासांची शर्यत ७८७बी या रोटरी गाडीने ३६२ फेऱ्या करून जिंकली होती. जपानी कंपनीचा तेथील तो पहिला विजय. पण शर्यतीची गाडी चोवीस तास टिकली की पुरे. मालकाच्या गाडीला वर्षे काढावी लागतात. विजयाचा वृत्तांत पहिल्याच हिशोबाने लिहिला जातो, हे ध्यानात ठेवावे.

तुलनेसाठी याच कंपनीची १९८९ ची एमएक्स-५ घ्यावी. साधे दट्ट्यांचे इंजिन, दोन आसने, उघडे छत. तिचे ध्येयवाक्य ‘जिन्बा इत्ताइ’, म्हणजे स्वार व घोडा यांचे ऐक्य. २०१६ मध्ये या गाड्यांची संख्या दहा लाख झाली. रोटरीच्या मालकाने गाडी सांभाळावी अशी अपेक्षा होती. येथे गाडीनेच मालकाला सांभाळून घेतले.

६

भारतात हे नाव मोटारीवर नव्हे, तर मालट्रक व बसवर आले. पंजाबात १९८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्वराज माझदा’ कंपनीच्या लहान मालगाड्या व बसगाड्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवरही धावल्या. २०११ मध्ये कंपनीने ते नाव सोडले. तीनचाकीच्या जातकुळीला धरूनच हे झाले, असे म्हणता येईल.

फोर्डने २०१५ पर्यंत आपला सर्व हिस्सा काढून घेतला. २०२३ मध्ये रोटरी इंजिन एमएक्स-३० या गाडीत परतले, पण चाके फिरविण्यासाठी नव्हे. एकाच चक्राचे हे लहान यंत्र आता वीज निर्माण करून बॅटरी भरते. हा पराभव म्हणावा की निवृत्ती, याचा निर्णय कंपनीच्या वृत्तांतावरून करता येणार नाही. त्यासाठी भाजीवाल्याचा हौदा, दारोदार फिरलेला कामगार आणि पेट्रोलबरोबर तेल तपासणारा मालक या तिघांचाही हिशोब मांडावा लागेल. ‘मेधा’ ही उद्योगात केवळ आरेखन करणाऱ्याच्या ठायी असते, असा समज आहे. माझदाचा इतिहास सांगतो की, दोषासहित वस्तू वर्षानुवर्षे चालती ठेवणाऱ्याच्या ठायीही ती असते. आपल्याकडील उद्योगांचे इतिहास लिहिताना अभ्यासकांनी या दुसऱ्या मेधेची, आणि तिच्या शब्दांची, नोंद वेळीच घ्यावी. शब्द वापरणारी माणसे गेली की हे साधनही नाहीसे होते.