तेहतीस फटके आणि एक मोकळा गोल

बर्फावरची हॉकी म्हटली की पायांत पात्यांचे बूट चढवून सुसाट धावणारे गडी डोळ्यांपुढे येतात. पण ज्यांचे पायच अधू, त्यांनी काय करावे? १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या एका पुनर्वसन केंद्रातील मंडळींनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच शोधले. त्यांनी धातूच्या सांगाड्याची एक बैठी घसरगाडी केली. तिच्याखाली बुटांची दोन पाती बसवली आणि रबरी चकती खालून आरपार जाईल एवढी उंची ठेवली. गोल काठ्यांना सायकलच्या मुठी लावल्या आणि शहराच्या दक्षिणेकडील एका तळ्याच्या बर्फावर डाव मांडला. गंमत अशी, की त्या डावात गोलरक्षकच नव्हता!

पुढे खेळाला नियम आले, गोलरक्षकही आला. खेळाडूच्या दोन्ही हातांत आखूड काठ्या असतात. एका टोकाचे दात बर्फात रुतवून गाडी रेटायची आणि दुसऱ्या टोकाने चकती हाणायची. १९९४ साली नॉर्वेतील लिलेहामर येथे हा खेळ हिवाळी पॅरालिंपिकमध्ये प्रथम आला, आणि सुवर्णपदक स्वीडननेच नेले.

या खेळातील एक थोर गोलरक्षक म्हणजे अमेरिकेचा स्टीव्ह कॅश. त्याचा जन्म १९८९ चा, मिसुरी राज्यातला. तीन वर्षांचा असताना हाडाच्या कर्करोगाने त्याचा उजवा पाय गेला. २००६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो तुरीनच्या पॅरालिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होता. २०१० साली व्हँकुव्हरला त्याने नवल केले. पाच सामन्यांत त्याच्यावर तेहतीस फटके आले आणि एकही आत गेला नाही! अंतिम सामन्यात जपानचा २-० असा पराभव झाला. २०१४ साली सोची येथे यजमान रशियाविरुद्ध एकाच गोलाने सुवर्ण मिळाले. तिथेही कॅशने आपली बाजू कोरी राखली.

मग २०१८ चा प्याँगचांगचा अंतिम सामना आला. कॅनडाने पहिल्याच सत्रात गोल केला होता आणि वेळ संपत आली होती. अशा वेळी गोलरक्षकाला बाहेर बोलावून त्याच्या जागी आणखी एक चढाईचा गडी उतरवण्याची मुभा असते. कॅश बाहेर आला. ज्याने सारे आयुष्य गोल राखला, त्याला तो आता मोकळा सोडून दुरून पाहायचा होता. तेवढ्यात कॅनडाच्या रॉब आर्मस्ट्राँगने त्या मोकळ्या गोलाकडे चकती मारली. ती खांबावर आदळली आणि परत फिरली! सामना संपायला अडतीस सेकंद उरले असताना डेक्लन फार्मरने बरोबरी साधली, आणि जादा वेळेत त्यानेच विजयी गोल केला.

ती चकती आत गेली असती, तर गोलरक्षकाच्या हिशेबात तो गोल कॅशच्या नावावर चढला नसता. पराभव मात्र त्याच्याही वाट्याला आला असता. २०२१ साली तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्याजवळ पॅरालिंपिकची तीन सुवर्णपदके आणि एक कांस्यपदक होते. त्यांतले तिसरे सुवर्ण त्याला गोल सोडून बाहेर आल्यामुळे मिळाले. जागा राखणाऱ्याला कधी कधी ती वेळेवर सोडावीही लागते. आणि त्यालाही तेवढेच धैर्य लागते.