सरोजिनी नगरची खाट आणि एक बिघडलेलं प्रथिन

केंद्र सरकारच्या बाबूंसाठी उभारलेल्या दिल्लीतल्या आमच्या वसाहतीला जुनी माणसं शेवटपर्यंत विनय नगरच म्हणत. एम्स आणि सफदरजंग ही इस्पितळं पायी जाता येतील इतकी जवळ. त्यामुळे गावाकडचा पेशंट घरी नाही, असं क्वार्टरमध्ये क्वचितच व्हायचं. दोन खोल्या, जाळी लावून बंद केलेली मागची गॅलरी, तिथे पाहुण्याची खाट. ओपीडीच्या कार्डासाठी पहाटे रांगेत उभं राहायचं काम घरच्या पुरुषाचं, डबा वहिनीचा. आता पुनर्विकासात त्या चाळवजा इमारती पाडल्या गेल्या. सरोजिनी नगरबद्दल लिहिणारे कपड्यांच्या बाजारावरच थांबतात. त्या खाटेचा इतिहासही कुणीतरी नोंदवायला हवा.

२००३च्या पावसाळ्यात तिच्यावर ग्वाल्हेरचे आमचे भावजी होते. प्लीहा सुजलेली, पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. डॉक्टरांनी सांगितलं, सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. भावजींनी विचारलं, “वहिनी, हे अंगात शिरलं कुठून?”

ते कुठूनच शिरलेलं नव्हतं. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते आखूड का, हे १९७३मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं. गुणसूत्रांचे फोटो कापून त्या घरी जेवणाच्या टेबलावर जुळवत बसत. त्यांना दिसलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलून घेतले आहेत. पुढे कळलं की या अदलाबदलीत नवव्यावरचं एबीएल हे जनुक बाविसाव्यावरच्या बीसीआरला जोडलं जातं, आणि त्या जोडजनुकातून जोडप्रथिन तयार होतं.

एबीएल प्रथिन आपल्या सर्वांच्या पेशींत असतं. एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून फॉस्फेट घेऊन ते दुसऱ्या प्रथिनांना चिकटवायचं, म्हणजे वाढीचा निरोप पुढे द्यायचा, हे त्याचं काम. निरोप नको असेल तेव्हा त्याचंच एक टोक त्याला मिटवून ठेवतं. बीसीआर जोडलं गेलं की ते टोक जातं, शिवाय अशी प्रथिनं एकमेकांना बिलगून सतत जागी राहतात. निरोप थांबतच नाही आणि अस्थिमज्जा पांढऱ्या पेशी काढतच राहते. हे मी भावजींना वहीत चित्र काढून समजावलं, तेव्हा ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले.

या प्रथिनात एटीपी बसतो त्याच खाचेत इमॅटिनिब हे औषध बसतं आणि निरोप थांबवतं. डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी केलेल्या त्याच्या पहिल्या चाचणीत ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ पैकी ५३ रुग्णांचं रक्त पूर्ववत झालं. २००१च्या मे महिन्यात अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. माझ्या मते कर्करोगाच्या इतिहासात याच्याइतकं स्वच्छ उत्तर फार थोड्या प्रश्नांना मिळालंय.

पण उत्तर परवडायला हवं. नोव्हार्टिस कंपनी इमॅटिनिब ग्लिवेक या नावाने विकायची; त्याचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा ८,००० ते १०,०००. कंपनी बऱ्याच रुग्णांना औषध फुकट देत होती हे खरं, पण हक्काची गोळी आणि मेहेरबानीची गोळी यांत फरक आहे. नोव्हेंबर २००३मध्ये कंपनीला विक्रीचे एकाधिकार मिळाले, म्हणजे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांवर गदा आली. युसूफ सरायचा केमिस्ट म्हणाला, “पुढचा माल येईल की नाही, भरवसा नाही.” आमच्या घरात त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला विरोध केला. अर्ज मूळ रेणूसाठी नव्हताच, तो होता इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपासाठी. जानेवारी २००६मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. भांडण दिल्लीत पोचलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांनी नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. रूप बदललं म्हणून पेटंट मिळत नाही, रोगावरचा गुण वाढलेला दाखवावा लागतो, असं पेटंट कायद्याचं कलम ३(डी) सांगतं, आणि तो वाढलेला दिसत नव्हता.

भावजींची गोळी चालू आहे. अधूनमधून रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजावंच लागतं, कारण त्या प्रथिनात ३१५व्या जागी थ्रिओनिन जाऊन आयसोल्युसिन आलं, तर इमॅटिनिब खाचेत बसेनासं होतं आणि औषध बदलावं लागतं.