ज्याचा तलाव, त्याची जमीन

राज्यकारभार म्हटला की तुम्ही दफ्तरं आणि शिक्के शोधणार. इथं ते शोधण्यात वेळ घालवू नका. सुमारे 1590 साल आहे. इरई आणि झरपट यांच्या संगमाजवळच्या चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, बाबाजी बल्लाळशहाचा अंमल आहे. तिकडे अकबराच्या दरबारात अबुल फजल ‘ऐन-ए-अकबरी’त या गोंड राजाच्या नावे 1,000 घोडेस्वार आणि 40,000 पायदळ लिहून ठेवतोय. एवढं पायदळ तुम्हाला शहरात दिसायचं नाही. ते बहुतेक धान कापतंय.

म्हणून शहर सोडा, पूर्वेला चला. वाटेत एका नव्या तलावाच्या पाळीवर गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला माणूस माती चोपतोय. राजानं मजुरी काय दिली, तुम्ही विचारता.

“मजुरी कायची, जी? पानी जेथवर जाते, तेथवर जमीन आपली.”

हा रिवाज बाबाजीच्या आधीच्या राजानं, हीरशहानं घातला, असं सांगतात: जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव, तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन. मला यात राजाच्या औदार्यापेक्षा हिशेब जास्त दिसतो. जंगल अफाट, हात मोजके. रयतेला फार पिळलं तर ती एका रात्रीत दुसऱ्याच्या मुलखात जाईल. पाळ बांधलेला माणूस मात्र पाळ सोडून जात नाही. खाली धानाच्या बांध्या उभ्या राहतात, आणि राजाला वसुलीसाठी फौज धाडावी लागत नाही.

वैनगंगा ओलांडून वैरागडला या. हिऱ्यांच्या खाणीमुळं या गावावर साऱ्यांचा डोळा. बाबाजीनंही ते हल्लीच दुसऱ्या राजाकडून हिसकावलंय. त्यापुढं डोंगर लागले की चांद्याचं नाव विरळ होत जातं. तिथं तंटा गायता, म्हणजे गावचा प्रमुख, आणि जाणती माणसं बसून मिटवतात. तुम्ही राजाची ओळख सांगितलीत तर ते आधी तुम्हाला पाणी देतील, मग कामाचं विचारतील.

आता आपल्या काळाकडं परतायची घाई करा. 1751 मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे जातं, 1854 मध्ये इंग्रजांकडे. इंग्रज मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्यांना, गावांचे मालक ठरवतात. 1951 मध्ये मालगुजारी संपते, तलाव सरकारजमा होतात आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव, बनतात. आता पाळ फुटली की अर्ज लिहावा लागतो. तो जिल्हा परिषदेच्या सिंचन विभागात जातो आणि निधीची वाट पाहतो.